सात वलांड्यांचे अंतर

१२ डिसेंबर १९३४, मुरुड

आज सकाळी जांभ्याने बाबाजी पाटलाच्या कुत्र्याचा कान फाडला. काय कधी झाले ते लिहून ठेवावे असे वाटले, म्हणून नाक्यावरची एक कोरी वही घरी आणली आहे. बावीस वर्षे बंदराच्या नाक्यावर गलबतांच्या नोंदी ठेवल्या, एका कुत्र्याची नोंद ठेवणे जड जाऊ नये.

नेहमीप्रमाणे भात उतरवला, पान बांधले आणि उजाडता निघालो. उजव्या हातात जांभ्याचा दोर. कोळीवाड्याच्या पुढे वाळूवर बोंबील वाळत घालण्याच्या बांबूच्या वलांड्या उभ्या असतात. तिथे पाटलाचा काळा कुत्रा शेपूट हलवीत समोर आला. भांडणाचा रंग नव्हता. जांभा एकदम उसळला, दोर हातातून गेला, पान वाळूत पडले. केसर कोळणीने मासळीची रिकामी पाटी दोघांच्या मध्ये घातली तेव्हा सुटले. घरी परत येऊन दुसरे पान बांधले, स्मशानापाशी सुरूखाली ठेवून आलो. नाक्यावर जायला उशीर झाला.

संध्याकाळी बाबाजी स्वतः आला. तो कोळीवाड्याचा पाटील. ओटीवर बसला नाही, उभाच राहिला.

"नाकेदार, कान कुत्र्याचा गेला, माजा न्हाय, म्हनून नीट बोलतो," तो म्हणाला. "उद्या कुनाचं पोर मधी आलं तं?"

खोडील कुत्र्याला होडीत घालून खाडीपलीकडे सोडून यायचे, ही त्यांच्या वाड्याची रीत मला माहीत आहे. सोडलेला कुत्रा परत आलेला मी पाहिलेला नाही.

"शिमग्यापरेंत थांबतो," बाबाजी म्हणाला. "होळीला समदा वाडा जमतो, कुत्र्यांसकट. त्या दिशी तुज्या कुत्र्याला घेऊन ये. निमूट बसला तं तुजा. न्हाय तं धुळवडीला माज्या होडीत."

मी बरे म्हणालो.

जांभा माझा नाही, बायकोचा. पाच वर्षांपूर्वी बंदरावर नारळाच्या पोत्यांत सापडलेले पिल्लू तिने पदरात घालून आणले. रंग जांभ्या दगडाचा, म्हणून नाव जांभा. ती श्रावणात गेली. तेव्हापासून तो ओटीवर झोपत नाही, चुलीपाशी झोपतो. ती असताना तो कोणावर गुरगुरल्याचे आठवत नाही. वय झाले की कुत्र्याचा स्वभाव बदलत असेल.

१५ डिसेंबर

दोराऐवजी साखळी लावली. उपयोग नाही. आज चार कुत्री आडवी आली आणि जांभा मागच्या दोन पायांवर उभा राहून भुंकला. साखळीने माझ्या बोटाचे साल गेले, उद्यापासून पुन्हा दोर.

संध्याकाळी बाजारापर्यंत नेला. खाटकाच्या दुकानापाशी तीन कुत्री बसली होती. त्याने एकदा हुंगले आणि पुढे गेला. दिवसभराने थकला असावा.

१९ डिसेंबर

मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला बांधतात तशी काथ्याची लहान मुसकी करवून घेतली. सकाळी बांधून नेले. जांभ्याने निम्मी वाट नाक वाळूत घासले.

केसर बोंबील टांगत होती. म्हणाली, "नाकेदार, नवऱ्याला मुंडावल्या बांदल्या, आता नवरी कुटं हाय?"

बाकीच्या बायका हसल्या. कोळणी लहानथोर सगळ्यांना अरेतुरेच करतात. मला त्याचे काही वाटत नाही. पण तेवढ्यात कुत्री आली आणि तोंड बांधलेल्या जांभ्याची दैना झाली. त्याला चावता येईना, पळता येईना. मी मुसकी तिथेच सोडली आणि केसरच्या चुलाण्यात टाकली. घरी आल्यावर त्याच्या नाकाला खोबरेल लावले.

२४ डिसेंबर

नोंद ठेवण्याचा एक फायदा दिसला. वलांड्या सारख्या अंतरावर उभ्या आहेत. कुत्री सात वलांड्या लांब असली तर जांभा फक्त पाहतो. सहावर कान टवकारतो. पाचवर गुरगुरतो. चारवर त्याला कोणाचे ऐकू येत नाही. तेव्हा सातच्या आत जायचे नाही असे ठरवले. कुत्री दिसली की समुद्राकडे उतरायचे आणि ओल्या वाळूवरून वळसा घालायचा.

हे बरे चालले आहे. फक्त कुत्रीच वळसा घालून आमच्या मागे येतात. त्यांना दुसरा उद्योग दिसत नाही.

६ जानेवारी १९३५

केसरने वाळवलेल्या कोळंबीचे सोडे दिले, मूठभर. कुत्रे लांब दिसले रे दिसले की सोड्याचा एक तुकडा त्याच्या तोंडाशी धरायचा, म्हणजे कुत्रे दिसणे ही त्याला चांगली गोष्ट वाटेल, असे तिचे म्हणणे. तिने तिच्या नवऱ्याला दारूच्या दुकानावरून असेच आणले होते म्हणते. मी विचारले, त्याला काय दिलेस. म्हणाली, "ते तुना कशाला?"

सकाळी जांभ्याने सोड्याकडे पाहिलेसुद्धा नाही. संध्याकाळी बाजाराच्या वाटेवर दोन कुत्री दिसली तेव्हा दिला, तर आनंदाने खाल्ला, आणखी मागितला. त्याला सकाळी भूक नसते असे दिसते.

१६ जानेवारी

तळा गावाहून माझी थोरली बहीण रंगूआक्का नवे तांदूळ घेऊन आली आहे. यंदा आपल्याला तिळगूळ नाही, असे आल्या आल्या सांगितले. वर्षभर सण नाही, गोडाधोडाचे काही तोंडात घालायचे नाही, हेही पुन्हा बजावले. मला तशी इच्छाही होत नाही.

जांभ्याची हकीकत ऐकून म्हणाली, "अरे दत्तू, दे की पाठवून तळ्याला. शेतावर बांधून ठेवू. होडीत घालून सोडण्यापेक्षा बरे."

तिचे बोलणे वावगे नाही. मी विचार करतो म्हणालो. रात्री जेवताना तिने जांभ्याला "चल रे, येतोस का माझ्याबरोबर?" असे विचारले. तो उठून चुलीमागे गेला. आक्का म्हणाली, "हा तिच्यावर गेलाय. उत्तर द्यायचे नसले की स्वयंपाकघरात."

बऱ्याच दिवसांनी या घरात कोणी हसले. मीही हसलो.

२८ जानेवारी

आक्का परत गेली. जांभ्याला पाठवले नाही. तिने दहा-बारा दिवस भात केला तो माझ्यापेक्षा पुष्कळ बरा होता. सकाळचे पानही तीच बांधून देई. पान माझ्या हातात देताना ती डोक्यावरचा पदर नीट करी.

जांभ्याच्या बाबतीत प्रगती नाही. वलांड्यांचे अंतर सातवरून आठवर गेले आहे. शिमग्याला पन्नास-एक दिवस राहिले.

आज पहिल्यांदा रागाच्या भरात दोर ओढून त्याला जवळजवळ उचलला. तो खोकला. नंतर माझ्याकडे पाहून त्याने शेपूट हलवली. दिवसभर नाक्यावर लक्ष लागले नाही.

८ फेब्रुवारी

तीन दिवस हिवतापाने अंथरुणावर होतो. आज उठून लिहितो आहे.

पहिल्या दिवशी सकाळी केसर दारात आली. मी वाळूवर दिसलो नाही म्हणून आली. पेज करून दिली आणि जांभ्याला घेऊन गेली. मला नको म्हणायचे होते, पण आवाज फुटत नव्हता. दुपारी आणून सोडला. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही तसेच.

आज तिला विचारले, किती कुत्र्यांना चावला.

"कुनाला न्हाय," ती म्हणाली. "वलांडीखाली झोपला व्हता. माजी कुत्री बोंबी त्याच्या पाठीला पाठ लावून. काला पन आल्ता, पाटलाचा. जांब्यानं त्याचा फाटका कान हुंगला, मग दोगं बी खेकड्यांमागं."

मला वाटले ती माझे मन राखायला सांगते. पण तिच्या बरोबरच्या बाईनेही तेच सांगितले.

आनंद व्हायला हवा होता. मला वाईट वाटले. म्हणजे दोष माझ्यातच आहे. दुसऱ्या कोणाबरोबर तो शहाणा असतो आणि माझ्याबरोबर वेडा होतो. आक्काला पत्र लिहायला घेतले, घेऊन जा म्हणून. अर्धे लिहून ठेवले आहे.

१० फेब्रुवारी

केसरचे सोडे संपले होते म्हणून तिच्याकडे गेलो, आणि पत्राचेही तिला सांगितले. ती जाळे विणत होती. मान वर केली नाही.

"सकाली येतोस तवा तुज्या उजव्या हातात काय असतं?"

"दोर."

"आन डाव्या?"

मी डाव्या हाताकडे पाहिले.

"आमच्या समद्या कुत्र्यांना ठावं हाय," ती म्हणाली. "सूर्य वर आला का नाकेदार भात घेऊन येतो, सुरूच्या झाडाखाली ठेवतो, हात जोडतो आन जातो. ती भांडाया न्हाय येत रे. न्याहारीला येतात."

"आणि जांभा?"

"त्याला ठावं हाय तो भात कुनाचा. गोदूबाय तिच्या पानातला घास त्याला घालायची न्हाय का? तो तिचं पान राखतो. तुना वाटलं मस्ती करतो."

मी उठून आलो. तिचे आभार मानायचे राहिले.

एक गोष्ट इथे लिहितो. ती कोणाला सांगितलेली नाही. दहाव्याला वाळूवर पिंड ठेवला आणि आम्ही धड मागे सरकलोही नव्हतो, तोच कावळा शिवला. भटजी म्हणाले, भाग्याची बाई, काही इच्छा मागे उरली नाही. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. पण मला ते बरे वाटले नाही. सव्वीस वर्षे एका घरात काढून माणसाची एकही इच्छा मागे राहू नये? दुसऱ्या दिवसापासून मी पान नेऊ लागलो. कोणी सांगितले नव्हते. मी पाठ फिरवली की ते कुत्री खातात हे मला माहीत होते. मी मागे वळून पाहत नसे, एवढेच.

आक्काचे पत्र फाडले.

११ फेब्रुवारी

रोजच्यासारखा भात केला. पान बांधले. मग ते हातात घेऊन दारात उभा राहिलो आणि किती वेळ गेला कळले नाही. शेवटी गेलोच नाही. जांभा उंबऱ्यावर बसून राहिला. भात दुपारी गाईला घातला.

१३ फेब्रुवारी

देवळात भटजी भेटले. पान समुद्रावर न नेता घरीच ठेवले तर चालेल का, असे विचारले. ते म्हणाले, "अहो, महिन्याचे श्राद्ध तुम्ही करता तेवढे पुरे आहे. रोज समुद्रावर जायला तुम्हाला सांगितले कोणी?"

कोणी नाही, असे मी म्हणालो.

ते चांगले गृहस्थ आहेत. पण तिथे सुरूखाली पान ठेवले की मी दोन शब्द बोलत असे, हे त्यांना कसे सांगणार. सांगण्यासारखे विशेष काही नसे. आमटी खारट झाली, कौल फुटले, अमुक गलबत आले, एवढेच. पण बोलत असे.

१४ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा पान न घेता निघालो. डावा हात कुठे ठेवावा कळेना. शेवटी पाठीमागे ठेवला.

नेहमीची कुत्री आली. जांभा सहा वलांड्यांवर गुरगुरला. पाच महिन्यांची सवय एका दिवसात कशी जाईल. कुत्र्यांनी माझे दोन्ही हात हुंगण्याइतके जवळ यायचा प्रयत्न केला, मग कंटाळून गेली. मी जांभ्याला सोड्याचा तुकडा दाखवला. त्याने घेतला. सकाळी घेतला.

सुरूपर्यंत गेलो. मोकळ्या हाताने उभे राहणे विचित्र वाटले. काही बोललो नाही.

२२ फेब्रुवारी

सहा. पाच. पाच. सहा. चार. ही आठवड्याची नोंद.

केसर म्हणते, "मूठ सोड, नाकेदार. तुना कुत्रा दिसायच्या आधी तुजी मूठ आवळते. दोरातून त्याला समदं कळतं." मी पाहिले तर खरेच. हाताच्या शिरा वर आल्या होत्या. आता दोर दोन बोटांवर नुसता ठेवून चालतो. दोर सैल असला की जांभाही सैल चालतो. इतकी साधी गोष्ट, पण मला रोज नव्याने लक्षात ठेवावी लागते.

कुत्र्यांची गर्दी कमी झाली आहे. न्याहारी बंद झाल्याचे त्यांना कळले असावे.

पान आता घरी मागच्या अंगणात, तुळशीच्या पलीकडच्या दगडावर ठेवतो, आणि आम्ही बाहेर पडतो. परत येईपर्यंत ते गेलेले असते. कोणी नेले ते दिसत नाही.

५ मार्च

तीन वलांड्या. बाबाजीचा काळा आणि जांभा एकमेकांकडे न पाहण्याचे सोंग करून एकाच दिशेने चालले, मध्ये केसर, तिच्या डोक्यावर पाटी. असे आम्ही चौघे बंदरापर्यंत गेलो. केसर म्हणाली, "वरात निगाली."

फिरून घरी आलो तेव्हा आठ वाजले होते. हल्ली आम्ही जास्त वेळ हिंडतो. सुरूच्या पुढे खडकांपर्यंत जातो. तिथे मी पूर्वी कधी गेलो नव्हतो, बावीस वर्षांत.

१७ मार्च

दोन. पण आज गावाबाहेरून आलेल्या एका नव्या कुत्र्यावर तो पुन्हा उसळला. मी मूठ आवळली नव्हती. डाव्या हातात पानही नव्हते. तेव्हा सगळेच उमगले असे समजू नये. वळसा घालून, शांत करून घरी आणले. तीन दिवस उरले. काळजी वाटते. होळीवर माणसे ओरडतात, प्रत्येकाच्या हातात नैवेद्य असतो. खाणे, गर्दी आणि कुत्री, तिन्ही एका जागी.

मी घरी राहावे आणि बाबाजीला निरोप पाठवावा असे एकदा मनात आले. पण त्याने शब्द दिला तसा मीही दिला आहे.

२० मार्च

आज होळी. दिवेलागणीला गेलो. जांभ्याला दोन बोटांच्या दोराने नेले, वाटेत त्याच्याशी बोलत होतो. काय बोललो ते आठवत नाही, गलबतांचेच असेल.

वाडा सगळा जमला होता. मी कडेला, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभा राहिलो. होळी पेटली, बायकांनी नैवेद्य टाकले आणि बोंबा सुरू झाल्या. कोणीतरी मला पाहिले. "नाकेदाराच्या कुत्र्याच्या नावानं" अशी आरोळी आली आणि सबंध वाड्याने बोंब ठोकली. जांभा माझ्या दोन पायांच्या मध्ये येऊन बसला. शेपूट आत. मी हसलो.

मग बाबाजी आला. त्याच्या हातात पान, पानावर पुरणपोळी. मागे काळा, फाटका कान घेऊन.

"घे, नाकेदार. होळीचा परसाद. न्हाय म्हनू नगंस."

मी पान डाव्या हातात घेतले. दुसरे काय करणार. घेतले आणि जांभ्याची पाठ माझ्या पोटरीला लागून ताठ झाली. काळा पानाकडे पाहत एक पाऊल पुढे आला. जांभ्याच्या गळ्यातून ती जुनी गुरगुर सुरू झाली. बाबाजी ऐकत होता. केसर पलीकडे उभी होती.

पान फेकावे तर दोघे तुटून पडणार. धरून ठेवावे तर तो राखणार. माझ्या मनात आक्काचे बोलणे आले, गोडाधोडाचे काही तोंडात घालायचे नाही.

मी पोळी उचलली आणि खाल्ली. उभ्या उभ्या, सगळी. सहा-सात महिन्यांनी गोड तोंडात गेले. पोळी गरम होती, वेलदोडा थोडा जास्त झाला होता. शेवटचा घास संपल्यावर पान होळीत टाकले, आणि रिकामा डावा हात खाली करून जांभ्याच्या नाकाशी धरला. त्याने तो पुढून-मागून हुंगला. चाटला. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिला, बराच वेळ. नंतर लांब श्वास सोडून वाळूवर आडवा झाला.

काळाही तिथेच बसला. दोघांत एक वलांडी जेमतेम मावली असती.

बाबाजी म्हणाला, "सबंद पोली खाल्लीस, एक तुकडा तरी द्यायचास कुत्र्याला."

मी म्हणालो, "चांगली झाली होती."

"माज्या सुनेनं केली," तो म्हणाला. मग जाण्यासाठी वळत, "होडी उद्या मासेमारीला नेतो."

२२ मार्च

आक्काला पत्र लिहिले. पोळी खाल्ल्याचेही लिहिले. रागावेल.

नाक्याला धुळवडीची सुटी जोडून आहे, म्हणून आज सकाळी फिरून आल्यावर अंगणातल्या दगडावर उशिरा पान ठेवले आणि ओटीवर न जाता मागच्या दारातच बसलो. कोण नेते ते एकदा पाहू म्हटले. जांभा उंबऱ्यावर हनुवटी ठेवून पडला होता. केसरची बोंबी कुंपणातून आत आली, पानाकडे न जाता त्याच्याजवळ येऊन पडली. त्याने डोळा उघडून मिटला.

गोदूचा भात आज मऊ झाला होता, तिला आवडायचा तसा.

कावळा माडावर बसलेला दिसत होता. खाली आला नाही. दहा वाजले, मग अकरा. मी दोन वेळा चहा केला. आमटीचे सांगितले, कौलाचे सांगितले, होळीचे सगळे सांगितले. बारा वाजले तरी पान तसेच होते.

मला घाई नव्हती.